पायाळूचा पाय

मैनाने शिवाच्या ताटात कालवण वाढलं, तो बोटं चाटत आणखी मागू लागला, आणि भरली कळशी घेऊन दारात उभ्या असलेल्या काशीच्या पाठीत अशी उसण भरली की कळशी खाली ठेवायलाही तिला वाकता येईना...

तेरा वर्षं त्या जिभेला काशीच्याच हातची चव ठाऊक होती! नवरा आगबोटीने मुंबईला गिरणीत गेला, सासू वारली, तेव्हापासून या धाकट्या दिराला तिनेच वाढवलं. स्वतःची कूस रिकामी राहिल्याचं दुःख त्याच्याकडे बघून गिळलं. आणि त्याने काय केलं? मालगुंडची, तिने पसंत केलेली देखणी मुलगी नाकारली आणि कारणही न सांगता मिरजोळ्याची ही सावळी मैना घरात आणली!

त्याच्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हाच काशीची पाठ प्रथम धरली होती. आता तर मैना नुसती हसली तरी तिची मान अवघडे, खांदे दगड होत. पाली गावचे वैद्य तेल देऊन थकले. मनाला कसला घोर लागलाय, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने भातलावणीचं निमित्त सांगितलं. मत्सरावर औषध मागायचं कोणत्या तोंडाने?

मैना कळशी घ्यायला धावली. काशीने तिचा हात झिडकारला आणि भिंत धरत कशीबशी चटईवर पालथी पडली. मला मुंबईला धाडून दे, हे घर तुझ्या बायकोला पुरे, असं तिने शिवाला सुनावलं. तो मान खाली घालून अंगणात गेला.

मैना मात्र हलली नाही.

"बाय, मी पायाळू हाय," ती रडत म्हणाली. "पायाकडून जन्मलेली. ह्यांनी आमच्याकडं येऊन तेवढंच इचारलेलं. पायाळूचा पाय लागला की उसण जाते, माझ्या वयनीची पाठ सुटंल, म्हणून मला केली. सांगितलं तर वयनी मोडता घालील, म्हणाले. पन तुमी सासूच्या जागी... तुमच्या पाठीला पाय कसा लावू?"

काशी सुन्न झाली. आपल्यासाठी? तिच्यासाठी त्याने रूप सोडलं, आणि ती त्याच मुलीचा महिनोन्महिने दुस्वास करीत राहिली! पोटातून हुंदका आला, मग दुसरा. सारं अंग गदगदून गेलं, आणि रडता रडता तिचे खांदे आपोआप सैल पडले. तिने मान वळवली. ती सहज वळली! मैना पाय उचलावा की नाही या विचारात अजून उभी होती.

उसण गेली होती, पाय लागायच्या आधीच. ती मत्सरानेच भरली होती, हेही काशीला आता पुरतं पटलं.

"लाव गो पाय," ती म्हणाली.

पाऊल हलकेच पाठीला टेकलं. काशी उठून बसली आणि तिने शिवाला हाक मारली.

"तुझ्या बायलेच्या पायाला गुण हाय रे," ती म्हणाली, आणि मैनाकडे ते कालवण मागून जेवायला बसली.