पुलाआधीची पाटी

दोन्ही इंजिनं पुढे, एकाला एक जोडून, आणि दोन्हींना झेंडूच्या माळा, असा मॅनेजरसाहेबांचा बेत होता. तो ऐकून विठ्ठल ड्रायव्हरने मान हलवली. पण ती आडवी हलवली.

१९८४ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. टिटवाळ्याजवळच्या खडीच्या कारखान्याला त्या रविवारी पंचवीस वर्षं होणार होती. खाणीतून दगड आणायला तिथे अरुंद रुळांची छोटीशी गाडी होती आणि सरस्वती, कलावती नावाची वाफेची दोन इंजिनं. मालकांच्या आई, केशरबाई, त्या गाडीतून फेरी मारणार होत्या. वाटेत ओढ्यावरचा जुना पूल होता.

दोन इंजिनांचा भार पुलावर एकाच जागी येऊ द्यायचा नसतो, असं विठ्ठल म्हणाला.

"कुठे लिहिलंय ते दाखव," साहेब म्हणाले. "नाहीतर सोमवारपासून खाणीत घण मारायला जा."

बाबांचा डबा घेऊन आलेल्या विठ्ठलच्या मुलीने, मालनने, हे ऐकलं. ती थेट पुलाकडे पळाली. सुट्टीला आलेली मामेबहीण सगुणा आणि शेजारचा गुणाजी मागे होतेच. पुलाआधी नियमांची पाटी असायची. आज नुसते दोन खांब उभे होते.

"दोन इंजिनांनी असं काय होतं गं?" सगुणाने विचारलं.

मालनने बांधाजवळच्या चरावर फळी टाकली आणि दोघांना मधोमध उभं केलं. फळी कडाडली. दोघं चिखलात.

"कळलं," सगुणा चिखलातूनच म्हणाली.

पाटी सापडली ती गोदामात. तिच्यावर पांढरा रंग फासून, कमळं काढून 'सुस्वागतम' लिहिलेलं होतं. गुणाजीने कडेचा पोचा ओळखला. "हा माझ्या दगडाचा आहे," तो अभिमानाने म्हणाला. त्याने ओलं बोट घासलं, तर कच्चा रंग निघाला आणि खाली 'पूल' हा शब्द दिसला.

त्यांनी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोदामाला कुलूप लावलं.

रविवारी पाटी गाडीजवळ टांगली होती. माळा घातलेली इंजिनं जोडून उभी होती. विठ्ठल खालीच उभा होता, आणि साहेबांनी दुसऱ्या माणसाला इंजिनावर चढायला सांगितलं.

"आजी, पाटीवर धूळ बसलीय," मालन केशरबाईंना म्हणाली आणि तिने पाण्याची बादली पाटीवर रिकामी केली.

कमळं वितळली. स्वागत ओघळत साहेबांच्या पांढऱ्या बुटांवर आलं. केशरबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "दोन इंजिने जोडून पुलावर नेऊ नयेत. मध्ये पाच डबे ठेवावेत. पूल आधी पायी चालून तपासावा."

"आमच्या ह्यांनीच लिहून घेतलं होतं हे," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "आजची तपासणी तुम्ही करा. पायी."

ओले बूट हातात धरून साहेब एकेक फळी मोजल्यासारखे पूल ओलांडून गेले आणि परत आले. तोवर पुढे सरस्वती, मध्ये पाच डबे, मागे कलावती अशी गाडी लागली. सरस्वतीवर विठ्ठल चढला. केशरबाईंनी सगुणा आणि गुणाजीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. "तुमच्यासारखी दोनचार माणसं ऑफिसात हवीत," त्या म्हणाल्या. मालन मात्र बाबांजवळ इंजिनावर होती.

पूल मागे पडल्यावर विठ्ठलने शिट्टीची दोरी तिच्या हातात दिली.

"पाणी जरा जास्तच ओतलंस," तो म्हणाला आणि कोळशाने माखलेला हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी आईने न्हाणीघरातून हाका मारल्या, तेव्हा मालन डोक्यावरचा कोळसा तसाच ठेवून गुणाजीच्या घरच्या माळ्यावर लपून बसली होती.