दोन टप्प्यांची भिंत

सहदेव आईला मुंबईला न्यायला आला होता, एवढंच. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरची त्यांची वाडी. जीप खाली रस्त्यावर उभी, बोचकं बांधलेलं, आणि आई, बयाबाई, उंबऱ्यावरून हलायला तयार नाही. समोर, दरड कोसळली त्या जागी, नवी संरक्षक भिंत. त्या दरडीत सहदेवचा बाप सोनबा गेला. अजून सापडला नाही.

"सांज हू दे," म्हातारी म्हणाली. "तो हाक मारायचा. येकदाच. मी ओ दिली नाय. भिंतीचं काम निघालं तवापासनं गप हाय. पण आज मी चालले, आज मारंल."

वाडीचा रिवाज जुना. डोंगरातून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. जित्या माणसाला घाई असते, तो पुन्हा पुन्हा ओरडतो. दुसरं जे असतं, त्याला एकदाच हाक मारता येते. आणि त्याला ओ दिली की आपलं काहीतरी तिकडे जातं.

"आये, आता भिंत हाय गो. ती आवाज परत फेकते."

सहदेव मुंबईत बांधकामावर मुकादम. शहाणपण शिकवायची संधी तो कशाला सोडतोय! त्याने टाळी वाजवली. भिंतीच्या बारीक पायऱ्यांवर आपटून ती पाखराच्या चिवचिवीसारखी परत आली.

"बघ, एकेक पायरी थोडा थोडा आवाज परत देते, म्हणून असा लांबतो. आणि भिंतीचे टप्पे दोन, म्हणून हाक मारली तर... आयेऽऽ!"

खालच्या टप्प्याने हाक परत दिली. मग वरच्या टप्प्याने.

"मंजी आता येकीच्या तीन झाल्या," बयाबाई हळूच म्हणाली. तिचा चेहरा उजळला. सहदेवला ते काही आवडलं नाही, पण बोलून तर बसला होता.

धुकं दरीतून वर चढलं. भिंत दिसेनाशी झाली. ओल्या मातीचा, कुजलेल्या मुळांचा वास अंगणात आला.

"सहदेवाच्या आयेऽऽ..."

आवाज बापाचाच. खालच्या टप्प्यावरून तीच हाक पुन्हा आली. आईचं तोंड दाबायला सहदेव धावला, तोवर वरच्या टप्प्यावरून तिसरी आली.

"ओऽऽ!" बयाबाईने जीव ओतून ओ दिली.

सहदेव कान देऊन थांबला. आता ही ओ दोनदा परत यायला हवी होती. एकदाही आली नाही.

त्याने आईला हाताला धरून ओढतच जीपमध्ये बसवलं. महाड येईपर्यंत ती गप्प होती. रुसली असेल, त्याने मनाची समजूत घातली.

"आये, चा घेशील?"

तिने तोंड उघडलं. नुसते ओठ हलले.

तेवढ्यात वाडीतल्या शेजारच्या धोंडूचा फोन आला. "सहदेवा, आयेला न्यायाला आलतास ना रे? मग इथंच ठेवून कसा गेलास?"

"ती... माझ्या बाजूला बसलीय."

"मस्करी नको करू. भिंतीकडं कुणाशीतरी बोलतेय ती. आईक, कशी हसतेय..."

फोनमधून आईचं हसू आलं. सहदेवने शेजारी पाहिलं. बयाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. आवाज मात्र नव्हता.