एकोणीस निरोप

सावरखेडच्या भ्रमणध्वनी नियंत्रणकक्षात हेमलता खोब्रागडे फोन कानाला लावून उभी होती. भर दुपार होती. पलीकडे तिचा थोरला भाऊ प्रज्ञेश अठरा कामगारांसह कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या सतराव्या गोदामात कापसाच्या गाठींमागे दडला होता. संपातल्या दोघांना मालकाच्या गुंडांनी कोयत्यांनी तोडताना या एकोणीस जणांनी पाहिलं होतं. साक्षीदारच उरू नयेत म्हणून गुंड आता एकेक गोदाम फोडत चालले होते. नवव्यात सापडलेल्या रखवालदाराचं डोकं त्यांनी लोखंडी दारावर आपटून फोडलं.

"त्या गुंडांकडे आमचीच चोरलेली श्रवणगाडी आहे, फोनच्या लहरी पकडणारी," शेजारी उभे इन्स्पेक्टर तडवी म्हणाले. "तिला लपलेल्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू येतं का?"

"नाही. बोलणं सांकेतिक कुलपात असतं. पण खिशातला फोनही गप्प बसत नाही, साहेब. अधूनमधून मनोऱ्याला हजेरी देतो. ती लहर कुठून आली, एवढं गाडीला कळतं."

"म्हणजे सापडलेच की!"

"शेजारी बाजार आहे. सात हजार फोन हजेरी देताहेत, त्यातले हे कोणते ते कसं ओळखणार? तरी मला धोका नको." ती फोनवर म्हणाली, "दादा, सगळ्यांचे फोन बंद करायला लाव. मी तीन म्हटलं की एकदम. पोलीस दार उघडेपर्यंत एकही चालू करायचा नाही."

"हो बाई. पण पोलीस कवा येतीन? दारं फोडाचा आवाज येऊन रायला."

"वीस मिनिटं. एक... दोन... तीन."

पडद्यावरचे एकोणीस ठिपके विझले. हेमलता कामात अशीच नेटकी. अर्धवट काही तिला खपत नसे. त्या नेटकेपणानंच घात केला.

वायरलेसवर पाण्याच्या टाकीवरचा हवालदार ओरडला, "साहेब, मधली गोदामं सोडून गाडी सरळ सतराव्याला गेली! बाहेरून कडी घातली. पेट्रोल ओतताहेत!"

"कसं कळलं त्यांना?" तडवी किंचाळले.

हेमलता विझलेल्या ठिपक्यांकडे वळली. "बंद होताना फोन मनोऱ्याला शेवटचा निरोप पाठवतो. मी निघालो, मला शोधू नका, असा. दरवर्षी नव्या पोरांना मीच शिकवते हे. एका जागेवरून, एका क्षणी एकोणीस निरोप! मीच बोट दाखवलं, साहेब."

"कापूस पेटला," हवालदार रडत होता. "मागच्या खिडकीशी कुणी नाही! त्यांना सांगा, मागून उड्या मारा म्हणावं!"

हेमलता भावाचा नंबर लावत राहिली. फोन बंद होता. लहानपणापासून प्रज्ञेशनं तिचं कधी काही ऐकलं नव्हतं. आज शब्दन् शब्द ऐकला होता.