अर्ध्या दिवसाचं दुकान

सावंगीच्या दवाखान्यासमोरच्या एवढ्याशा गाळ्यात गुंजन कढई घासत होती, तेव्हा एक उंच तरुण दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा होता.

“हा तुमचा ना? काल एका फोनच्या चार्जिंगच्या खाचेतून निघाला.”

गुंजननं ओढणीला हात पुसले. “अन् तुमचा स्क्रू परवा माह्या पोह्यात निघाला. नशीब, गिऱ्हाइकाच्या आधी मलेच दिसला.”

दोघंही हसली. गाळ्याचं भाडं एकट्याला झेपणारं नव्हतं, म्हणून मालक हरिभाऊंनी दिवसाचे दोन तुकडे केले होते. दुपारी दोनपर्यंत गुंजनचे तर्री-पोहे, पुढे स्वप्निलची मोबाइल दुरुस्ती. रोज ती लवकर आवरून जायची, म्हणून गाठ पडली नव्हती.

त्या दिवसापासून मात्र तिचं आवरणं लांबायला लागलं. कढई तीच, पण घासायला दुप्पट वेळ!

एकदा तो तोंड पाडून बसला होता. “लोक फोन दुरुस्तच करून नाई राह्यले. हप्त्यावर नवा घेऊन राह्यले.”

गुंजननं आपला फोन पुढे केला. “स्क्रीन गार्ड बदला.”

“हा तं चांगला आहे.”

“बोहणी तं होईल ना...”

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकं आली. मग काय, तिचा धडधाकट स्क्रीन गार्ड उठता-बसता बदलला जाऊ लागला.

“तुमच्या हाताले गुण आहे,” तो म्हणायचा.

“हातालेच?”

“सध्या तं... हातालेच म्हणतो,” म्हणत तो मान खाली घालायचा. कान मात्र लाल झालेले असायचे.

दिवाळीच्या तोंडावर हरिभाऊंनी दोघांना बोलावलं. “एक औषधवाला पूर्ण दिवसासाठी गाळा मागतोय, मलाही आता एकच भाडेकरू हवाय. तुमच्यापैकी एकानं पूर्ण घेतला तर तुम्हालाच देईन. नाहीतर त्याला हो म्हणावं लागेल.”

संध्याकाळी कोथिंबिरीची सांबारवडी ठेवली तर गुंजनला पूर्ण भाडं निघत होतं. वडिलांच्या शेतातल्या भाजीला कधी भाव, कधी नाही. घर चालत होतं ते या गाळ्यावर. तो तिला हवाच होता. पण मग स्वप्निल कुठे जाईल? या विचारानं तिला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी ती कढई घेऊन मागे वळली, तर स्वप्निल आपली अवजारं पिशवीत भरत होता.

“बस स्टँडजवळ टपरी भेटली मले. पुरा गाळा तुमाले द्या म्हून हरिभाऊकाकांले सांगून आलो.”

“मले इचारलं काऊन नाई?”

“तुमचं भलं व्हावं म्हून...”

“माह्यं भलं मी पाहीन. तू कोन ठरवनारा?”

रागाच्या भरात ती पहिल्यांदाच त्याला ‘तू’ म्हणाली होती. तिनं कढई खाली ठेवली.

“गाळा मले पाह्यजेच होता,” ती हळूच म्हणाली, “खोटं काऊन बोलू? पन दोन वाजत आले का तुही वाट पाहाची सवय लागली मले... तिचं का करू?”

स्वप्निलनं पिशवी छातीशी धरली. “मंग... टपरी सोडून देऊ का?”

“सोडू नको. धंदा दोघाईचाही चालला पाह्यजे.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. “रविवारी घरी येजो. एकटा नको येऊ... आईले घेऊन येजो.”