पोटपालट

दुपारची जेवणाची सुट्टी ही गोष्ट मैथिली सातपुतेने फक्त आईच्या तोंडून ऐकली होती. डबे उघडायचे, एकमेकींची भाजी चाखायची आणि मग डोळ्यांवर झापड यायची, असं आई सांगे. बालेवाडीतल्या मैथिलीच्या ऑफिसात आता कुणी बसून जेवत नसे. लिफ्टशेजारच्या खिडकीतून रोल घ्यायचा, चार-पाच घासांत संपवायचा आणि कामाला लागायचं. खुर्चीत टेकेपर्यंत अंगात तरतरी आलेली असे.

ही किमया रोलची नव्हती, पोटाची होती. माणसाच्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात आणि आपण खाल्लेलं फोडायला मदत करतात. 'क्षणान्न' नावाच्या कंपनीने त्यांतलाच एक जिवाणू प्रयोगशाळेत नव्याने घडवला. लोक त्याला पाचकजीव म्हणू लागले. क्षणान्नचा रोल असो की क्षणान्नच्या पिठाची घरी लाटलेली पोळी, हा पाचकजीव ती काही मिनिटांत पचवी. जडपणा नाही, सुस्ती नाही. सतत घाईत असलेल्या शहराला आणखी काय हवं होतं? पाठोपाठ 'तुरंत' नावाच्या दुसऱ्या कंपनीने आपला पाचकजीव आणला. पण आपली जागा राखायला प्रत्येक पाचकजीव परक्याला मारणारं विष सोडतो. दोन्ही एका पोटात गेले की त्यांची जुंपते आणि माणूस तापाने, उलट्या-जुलाबांनी आडवा होतो. पाचकजीव लाळेतून, हातांतून, उष्ट्यातून पसरतो. त्यामुळे बघता बघता शहरात क्षणवाले आणि तुरंतवाले अशा दोन तऱ्हेची माणसं झाली.

मैथिली क्षणवाली होती आणि निहार देवरे तुरंतवाला. दोघं शेजारच्या टेबलांवर काम करत, वेगवेगळ्या खिडक्यांतून खायला घेत आणि हातभर अंतर ठेवून खात. एकमेकांच्या जवळ येण्याआधी दोघंही औषधाने खळखळून चुळा भरत, आणि त्याचं त्यांना हसू येई. प्रेमात ही काही मोठी अडचण वाटली नव्हती.

लग्नाची बोलणी करायला मैथिली आईला घेऊन देवऱ्यांकडे गेली. निहारच्या आईने जात विचारली नाही, पत्रिका मागितली नाही. पाण्याचा ट्रे हातात धरून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कुणाचं खातात?"

"क्षणान्नचं," मैथिलीची आई म्हणाली.

त्यांनी ट्रे परत टेबलावर ठेवला.

"गैरसमज करून घेऊ नका हं. मुलगी आम्हाला पसंतच आहे. पण आमचं स्वयंपाकघर एक. सासूबाई थकलेल्या, जावेची नात तान्ही. एका उष्ट्या हाताने सगळं घर अंथरुणाला खिळेल."

मैथिलीची आई मान डोलावत राहिली. तिला ते पटलंही होतं.

मग निहार आणि मैथिली डॉ. शलाका बर्वे यांच्याकडे गेले. पाचकजीव घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी त्या एक. आता त्या तो बदलून देत. शहरात त्याला पोटपालट म्हणत.

"करता काय नक्की?" मैथिलीने विचारलं.

"आधीचा पाचकजीव औषधाने पुरता मारायचा, मग दुसरा पेरायचा. शेत नांगरून नवं पीक घेतात ना, तसं. मधल्या काळात आतडं ओसाड असतं. अशक्तपणा येतो, केस गळतात. पण तू तरुण आहेस, निभावून नेशील."

"नंतर परत फिरावंसं वाटलं तर?"

"ते नाही जमत. दुसऱ्यांदा आतड्याचं अस्तर टिकत नाही."

"मी केलं तर?" निहार म्हणाला.

"का नाही? कर की. फक्त घरच्यांबरोबरचं तुझं खाणंपिणं संपेल. वेगळं बिऱ्हाड करावं लागेल."

"आजी माझ्याच हातून खाते," निहार म्हणाला.

मैथिली वाट बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, "इथे येतं कोण कोण?"

"मुली. लग्न ठरलेल्या." बाईंचा स्वर सरळ होता. "पुरुषांसाठीही वॉर्ड बांधला होता आम्ही. सध्या तिथे चादरी ठेवतो."

निहार बुटांकडे बघत होता.

"आणि मूल झालं तर?" मैथिलीने विचारलं.

"जन्मताना बाळाला आईचाच पाचकजीव मिळतो. तू तुरंतची झालीस, तर बाळ तुरंतचं. पहिलं वर्ष फार जपायचं. मोठं माणूस आजारी पडून उठतं. तान्हं बाळ उठत नाही. परक्या पोटाच्या माणसाने साधा पापाही घ्यायचा नाही."

"माझ्या आईचं पोट बदलता येईल?"

"या वयात नाही. तिला सोसायचं नाही."

घरी येऊन मैथिलीने हे सगळं सांगितलं. आई बराच वेळ धुतलेली भांडी पुन्हा पुसत राहिली.

"माझ्या आईने लग्नात नाव बदललं," ती म्हणाली. "मीही बदललं. तू पोट बदल. संसार मोडण्यापेक्षा बरं."

पोटपालट सोपी नव्हती. मैथिलीला पाणीसुद्धा पचेना. आई काचेपलीकडे बसे. हळूहळू तुरंतची पेज पोटात राहू लागली, आणि एके दिवशी मैथिलीला चक्क भूक लागली. मात्र आईच्या साडीला येणारा क्षणान्नच्या मसाल्याचा वास आला, की तिला मळमळू लागे. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

लग्न झालं. माहेरी गेली की आई हातमोजे घालून तुरंतचं पाकीट तिच्यापुढे ठेवी आणि स्वतः दाराशी बसून जेवी. दोघी भरभरून बोलत, पण मैथिलीचं लक्ष सारखं घड्याळाकडे जाई. पुढे पुढे तिचं जाणंच कमी झालं.

मुलगी झाली. तिचं नाव ईरा. उष्टावणाच्या दिवशी देवऱ्यांचं घर माणसांनी भरलं होतं. निहारच्या आजीने थरथरत्या हाताने ईराला खिरीचं पहिलं बोट चाटवलं. मैथिलीची आई कोपरापर्यंत हात धुऊन, हातमोजे चढवून भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती.

"हिचं आपण तुरंतवाल्यांतच जमवू," निहारची आई कौतुकाने म्हणाली. "म्हणजे पोरीला तुझ्यासारखं सोसायला नको."

मैथिलीने मान हलवली. होकार देऊन झाल्यावर आपण कशाला होकार दिला ते तिच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात ईरा भिंतीकडे बघून बोळकं पसरून हसली. मैथिलीच्या आईला राहवलं नाही. ती उठली, जवळ आली आणि सगळं विसरून नातीच्या गालावर वाकली.

निहारची आई पुढे झाली. निहारनेही हात पुढे केला. पण त्या दोघांच्या आधी मैथिलीने बाळ फिरवलं होतं. तिचा दुसरा हात आईच्या छातीवर होता, आणि त्याने आईला मागे लोटलं होतं.

आईने तोल सावरला, पदर नीट केला.

"बरोबर केलंस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे जाऊन बसली.

मैथिलीला तिच्याजवळ जायचं होतं. तिने एक पाऊल टाकलंही. पण नाकाशी तो मसाल्याचा वास आला, पोटातून उमासा आला, आणि ईराला घट्ट धरून ती पाठमोरी वळली.