पाझराखालचा वाडगा

रविवारची दुपार होती आणि तलावात बोटींची नुसती झुंबड उडाली होती. धरणाची राखणदारी करणारी बाई मात्र नेहमीप्रमाणे भिंतीच्या पायथ्याशी, पाझराखाली ठेवलेला पांढरा वाडगा बघायला उतरली. मातीचं जुनं धरण थोडंफार पाझरणारच. पाणी नितळ आलं तर चिंता नाही; गढूळ आलं की समजावं, ते आतली माती खातंय. हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. ते स्वतः एका दुरुस्तीत ढासळलेल्या मातीखाली गेले, ते सापडलेच नाहीत. त्यांच्यावरच भिंत पुन्हा बांधून काढली. तेव्हापासून आई पायथ्याचं घर सोडायला तयार नव्हती.

आज वाडगा कोरडा ठणठणीत होता.

वरून बोट क्लबचा मॅनेजर ओरडला, "गळती थांबली? चला, सुंठीवाचून खोकला गेला!"

ती हसली नाही. मेल्याला तिकिटांपलीकडे काही दिसेल तर शपथ! इतक्या वर्षांची वाट पाणी उगाच सोडत नाही. त्याला दुसरी सापडलेली असते. वाडगा काखेत मारून ती भिंतीच्या कडेकडेने ओल शोधत निघाली. ओल कुठेच दिसेना. शोधता शोधता ती आईच्या दारात पोचली.

आईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... तुझे बाबा आलेत. अंघोळ करतायत."

मोरीच्या बंद दाराआड पाणी वाजत होतं आणि घरभर ओल्या मातीचा वास कोंडला होता.

"अंगभर चिखल गं... म्हणाले, पाठ भरून आली. आता नाही रेटवत भिंत..."

तिने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. फरशी उचकटून मनगटाएवढी गढूळ धार उसळत होती.

मग एकच धावपळ उडाली. आईला तिने जवळजवळ फरपटत टेकाडावर नेलं, शिट्ट्या फुंकून बोटी काठाला आणवल्या आणि मॅनेजरला हाताशी घेऊन पाणी सोडायच्या दाराचं गंजकं चाक फिरवलं. तलाव उतरत गेला. शेवटी भिंत खचली आणि आईच्या घरावर येऊन बसली. पण तोवर मागे पाणीच उरलं नव्हतं. गाव वाचलं. तिला रडू आवरेना.

आई आता टेकाडावर लेकीकडे राहायला आली. एका सकाळी चहा गाळता गाळता ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघून हलकेच म्हणाली, "इथे कशाला टेकलात? ही तर चांगली पक्की आहे..."

लेकीने वळून पाहिलं. कोरड्या भिंतीवर माणसाच्या पाठीएवढी ओल उमटली होती. त्या भिंतीतून नळ जात नव्हता. पलीकडच्या खोलीत तिची लहान मुलगी अजून झोपली होती.

सवयीने तिने तोच पांढरा वाडगा ओलीखाली धरला.

थेंब पडला. गढूळ होता.