मागे सरकणारा कर्नल

प्रबोध कर्णिकला माणसं दारातच कळायची: कोण चहा टाकतं आणि कोण नुसतंच 'घेणार का' विचारतं. मरीन परेडच्या कॉन्डोतले उल्हासकाका नि शुभदाकाकू पहिल्या जातीतले. म्हणून विम्यासाठीची त्यांच्याकडच्या चित्रांची वार्षिक तपासणी तो आवडीने घ्यायचा. गरम थालीपीठ खायचं, काकांनी लिलावांतून जमवलेल्या तीन तैलचित्रांवरून लांबूनच नजर फिरवायची आणि गेल्या वर्षीच्या नोंदीपुढे 'पूर्ववत' लिहून सही ठोकायची. तिन्ही चित्रं एकाच माणसाची, व्हिक्टोरिया राणीच्या फौजेतल्या कर्नलची. आधी लाल डगल्यातला तरुण, मग पदकांनी लगडलेला, शेवटी पांढऱ्या मिशांचा दरबारी मानकरी.

यंदा विमा कंपनी बदलली. नव्या फॉर्मात 'मागील नोंदीशी फरक' असा रकाना होता, त्यामुळे बघणं भाग पडलं.

नोंदीत तिन्ही चित्रं छातीपर्यंतची होती. दुपारच्या लख्ख उजेडात प्रबोध बघतच राहिला. पहिलं कमरेपर्यंत होतं. दुसरं गुडघ्यांपर्यंत. तिसऱ्यात बूट दिसत होते, बुटांपुढे हातभर गालिचाही. चौकटी मापाला बरोब्बर. रंगाचे जुने तडे जागच्या जागी. माणूस तेवढा मागे सरकला होता.

"आज खरंच बघतोयस वाटतं," ताट घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या.

प्रबोधने पेन रकान्यावर टेकवलं. फरक लिहावा, तर दोन वर्षं न पाहता केलेल्या सह्या उघड्या पडणार, तपासनिसाचं लायसन्स जाणार. न लिहावा, तर आणखी एक 'पूर्ववत' सहज खपून जाईल.

त्याने काकांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "राणीसमोरून निघताना पाठ दाखवायची नाही, असा रिवाज होता त्यांच्यात. उलट्या पावली जायचं."

"काका, मरीन परेडला कुठली आलीय राणी?"

काका हसले नाहीत. सोफा आणि खिडकी यांच्यामध्ये मोकळी जागा होती. ती सोडून काकू भिंतीकडेने, अंग चोरून गेल्या. तिन्ही चित्रांतली नजर त्याच जागेवर होती.

पुढचं बोलताना प्रबोधचा आवाज आपसूक खाली आला, गाभाऱ्यापाशी येतो तसा. वाक्य अर्धंच सोडून त्याने फॉर्म पुढे ओढला.

त्याने रकान्यात लिहिलं, 'फरक आहे. मागची दोन वर्षं मी न पाहता सही केली.'

खाली सही केली.

मान वर केली.

तिन्ही नजरा आता त्या मोकळ्या जागेवर नव्हत्या. त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा वर, कागद वाचायला कुणी वाकावं तेवढ्या उंचीवर, त्या अदबीने थांबल्या होत्या.